उन्हाळ्याच्या सुट्टीत मन निवांत होईल असं शिवणकाम कोणतं? पहिल्यांदाच गोधडी शिवायला घेतली तर जमेल का?

मे महिनाभर परभणीला माहेरी राहणार, लॅपटॉप बंद ठेवणार, हातानं काहीतरी शिवायची इच्छा आहे, पण डिझाइनच सुचत नाही, असं तुम्ही लिहिलंय. गोधडी जमेल तुम्हाला. डिझाइनची काळजी मात्र आत्ता अजिबात करू नका. आधी आईच्या ट्रंकेच्या तळाशी असलेलं जुन्या कपड्यांचं गाठोडं सोडा.

मी सेलूच्या बाजूला एका खेड्यात वाढले, आता शाळेत शिकवते. गेली अकरा वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वाकळ शिवायला घेते. आमच्याकडे गोधडीला वाकळच म्हणतात. मधली दोन वर्षं घरच्या लग्नकार्यांत गेली, म्हणून नऊ झाल्या.

हे काम उन्हाळ्याचंच. रब्बीची रास घरात येऊन पडलेली असते, पेरणीला अवकाश असतो, आणि आपल्याकडचं ऊन ४२ अंशांवर गेलं की दुपारी घराबाहेर पाय टाकवत नाही. आमचं जुनं घर माळवदाचं आहे. वर मातीचा जाड थर, त्यामुळे बारा वाजता बाहेर भाजत असताना आतल्या खोलीत गारवा असतो. सकाळी उन्हं चढायच्या आत कुरडया-शेवयांचं वाळवण उरकायचं, जेवणं झाली की त्या खोलीत सतरंजी अंथरायची आणि चारपर्यंत शिवायचं. घरातल्या, शेजारच्या दोघी-तिघी आपापलं टोक धरून बसतात. बोलणं होतं, नाहीतर नुसती शांतता असते. दोन्ही चालतं.

आता कापडाचं. एक नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर लांब असतं आणि पन्हा मीटरभर किंवा थोडा जास्त. त्याच्या दोन-दोन मीटरच्या चार घड्या घातल्या की एका माणसाची चार पदरी वाकळ तयार होते. जोड नाही, कापाकापी नाही. पाचवारी साडी असेल तर दोन लागतील. वर घालायला एखादं चांगलं, काठाचं कापड ठेवा. आतल्या पदरांत विरलेलं धोतर, जुनी चादर, काहीही चालतं. मात्र सगळं सुतीच हवं. नायलॉनची साडी आत घातली की थर एकमेकांवरून सरकतात, सुई वाकडी जाते आणि घाम टिपला जात नाही. नवं कापडही नको. वीस वर्षं धुतलेल्या सुताला जो मऊपणा असतो, तो दुकानात मिळत नाही.

प्रत्येक कापड आधी वेगवेगळं भिजवून बघा, हे मी कळकळीनं सांगते. माझ्या दुसऱ्या वाकळेत मी आजोबांच्या पांढऱ्या धोतरावर एक लाल लुगडं घातलं होतं. तीन आठवडे शिवलं, पहिल्या धुण्यात लाल रंग सुटला आणि धोतर कायमचं डागाळलं. ते धोतर आमच्याकडे एकच उरलं होतं. अजून ती घडी उघडली की जीव हळहळतो. ओलं कापड पांढऱ्या फडक्यावर दाबून धरायचं. फडक्याला रंग लागला तर ते कापड गडद रंगांच्याच वाकळेत घालायचं.

शिवायची रीत अशी. थर जमिनीवर पसरून तळहातानं मधून कडेकडे सुरकुत्या काढत न्या आणि लांब लांब टाक्यांचा कच्चा दोरा घाला, तोही मधूनच बाहेर. या पायरीवर दोन दुपारी गेल्या तरी जाऊ द्या. मग कडा आत दुमडून खरा धावदोरा एका कोपऱ्यापासून सुरू करा. कडेकडेनं चारी बाजू फिरायचं, पहिली फेरी संपली की बोटभर आत सरकून दुसरी. चौकोनात चौकोन होत होत दोरा मध्यापाशी येतो. कडेनं शिवत आत येताना कापड मध्यभागी फुगायला बघतं. कच्चा दोरा नीट घातला असेल तर ते जागच्या जागी राहतं, म्हणून त्या दोन दुपारींचा एवढा आग्रह.

दोरा सुती आणि जाड घ्या, मेणावरून एकदा ओढा म्हणजे गाठी पडत नाहीत. हातभरापेक्षा लांब दोरा ओवू नका. सुई जाड हवी, पण दाभण नको, त्यानं कापडाला भोकं पडतात. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून असलेली टोपी, घाला. पहिल्या चार दिवसांत बोट हुळहुळं होतं, नंतर ते टिकाव धरतं.

किती दिवस लागतील याचा अंदाज देते. दोन मीटर लांब, मीटरभर रुंद वाकळ आणि फेऱ्यांत इंचभर अंतर धरलं तर एकूण शिवण ऐंशी ते नव्वद मीटर होते. माझ्या हातानं दुपारच्या दोन-अडीच तासांत सहा मीटर होते. म्हणजे पंधरा दुपारी. तुम्ही नव्या आहात, तुम्हाला वीस-बावीस लागतील. महिना पुरतो. धीर होत नसेल तर मीटरभर चौकोनाचं बाळाचं दुपटं आधी शिवा. ते निम्म्यात होतं, आणि कुणाच्या ना कुणाच्या घरी बाळ येणारच असतं.

मन निवांत होण्याबद्दल विचारलंत. माझ्या सासूबाई शेजारी बसायच्या. मी भराभर टाके घालायला लागले की म्हणायच्या, “कशाला घाई करायलीस? ऊन कुठं पळून चाललंय.” मी नंतर ध्यान देऊन बघितलं. पहिले आठ-दहा दिवस डोक्यात शाळेचे कागद, निकाल, उरलेली कामं चालूच असतात, आणि त्या दिवसांचे टाके कमी-जास्त पडलेले दिसतात. मग कधीतरी हाताला लय सापडते. सुई वर, सुई खाली, चार टाके सुईवर घेऊन एकदम ओढायचे. तिथून पुढचे टाके सारखे आलेले असतात. माझ्या प्रत्येक वाकळेत ती जागा मला बोट ठेवून दाखवता येते. सुरुवातीचे वाकडे टाके उसवू नका, तेही मे महिन्याचेच आहेत.

डिझाइनचं आता सांगते. ते बघण्यातून येतं, आणि बघायला आपल्या मराठवाड्यात खूप आहे. मी अजिंठ्याला मुलांची सहल घेऊन गेले होते. सगळे भिंतींवरची चित्रं बघत होते, मी दोन नंबरच्या लेणीत मान वर करून छताकडे बघत राहिले. छत चौकटींत वाटलेलं, कुठे फुलं, कुठे फळं, कुठे पक्षी, मधे वर्तुळात वर्तुळं. वर कुणी कापड ताणून बांधलंय असंच वाटतं. त्या वर्षी मी वाकळेच्या मध्यभागी निळ्या खणाचं एक गोल ठिगळ लावलं आणि त्याभोवती गोल फेऱ्या घातल्या. बीबी-का-मकबऱ्याच्या संगमरवरी जाळीवरून षटकोन जोडायचेही शिकले, पण ते किचकट आहे, पहिल्या वाकळेला नको. जवळच्या एखाद्या तांड्यावर ओळख असेल तर बंजारा बायांचं काम हात लावून बघा. काचा, कवड्या आणि त्यांच्यामधली टाक्यांची बारीक नक्षी. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या, बाया आपल्यासारख्याच कडेकडून आत शिवतात आणि चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांचं फूल लावतात. माझ्या शेवटच्या तीन वाकळांना तसे कोपरे आहेत.

जमलं तर एक दिवस काढून धाराशिवजवळच्या तेरला जाऊन या. त्याचं जुनं नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात, ‘पेरिप्लस’मध्ये, तगरहून गाड्यांनी भडोचला जाणाऱ्या मालाची नोंद आहे: पुष्कळसं साधं कापड आणि नाना तऱ्हेची मलमल. मलमलीची नोंद होणारच. पण परदेशी व्यापाऱ्यानं आपल्याकडचं साधं, रोजच्या वापराचं कापडही लिहून ठेवलं, हे कळल्यापासून विरलेलं धोतर हातात घेताना मला वेगळं वाटतं.

एक तारीख मात्र पाळा. ७ जूनच्या आसपास मृग लागतो. त्याआधी आठ दिवस शिवण संपवा, वाकळ भिजवून हलकी आपटा आणि दोन्ही बाजूंनी कडक उन्हात वाळवा. पावसात चार पदरी वाकळ आतून वाळत नाही, वास धरते. पहिल्या धुण्यानंतर दोरा थोडा आकसतो आणि कापड टाक्याटाक्यांमधे फुगून येतं. तो उठाव आला की दोन्ही हातांनी तिला चेहऱ्याशी धरून बघा, आणि कुणाची लुगडी-धोतरं आत आहेत ते आईकडून विचारून एका कोपऱ्यात त्यांची नावं टाक्यांनी घाला.