डावा खांदा, उजवा बोल्ट

शाळा-कॉलेजातून आणि क्लबातून नेमबाजीकडे वळलेल्या नागपूरच्या डावखुऱ्या वाचकांचे हे प्रश्न. हाताशी मिळणारी रायफल जवळजवळ नेहमीच उजव्या हाताची असते, हे सगळ्यांचं समान दुखणं.

मुलगी बारा वर्षांची आहे, डाव्या हाताने लिहिते. क्लबमधल्या एअर रायफली उजव्या हाताच्या. ‘उजव्यानेच धर, सवय होते,’ असं सांगतात. ऐकावं का? (पालक, धरमपेठ)

आधी डोळा बघा, हाताचं नंतर. दोन्ही हात पूर्ण लांब करून तळव्यांमध्ये रुपयाएवढी फट करायला सांगा. दोन्ही डोळे उघडे ठेवून तिने फटीतून भिंतीवरचं घड्याळ पाहावं आणि हात सावकाश चेहऱ्याकडे आणावेत. फट ज्या डोळ्यापाशी येईल तो प्रबळ डोळा. हे चार-पाच वेळा करा, अधूनमधून एकेक डोळा झाकून खात्री करून घ्या.

प्रबळ डोळा उजवा निघाला तर उजव्या खांद्यावरूनच शिकू द्या, ती कोणत्या का हाताने लिहीना. चाप दाबण्याचं काम एका बोटाचं आहे आणि ते दुसऱ्या हाताचं बोटही शिकतं. हंगेरीच्या कारोली ताकाच यांचा उजवा हात 1938 मध्ये हातबॉम्बने निकामी झाला. डाव्या हाताने सराव करून त्यांनी 1948 आणि 1952 अशा दोन ऑलिम्पिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं. हात बदलता येतो. मेंदूने कोणता डोळा पुढे करायचा ते मात्र सरावाने सहसा बदलत नाही.

डावा डोळा प्रबळ आणि हातही डावा असेल तर डावा खांदा. इथे ‘सवय होते’ हा सल्ला मानू नका. अशी मुलं उजव्या खांद्यावर रायफल घेतात आणि डावा डोळा साईटमध्ये (नेम धरायच्या छिद्रात) डोकावावा म्हणून मान दस्त्यावर आडवी टाकतात. मग मान दुखते, आणि गालाची जागा दर शॉटला बदलते.

हात आणि डोळा उलटसुलट असून खांदा बदलणं शक्यच नसेल तर ब्लाइंडर (साईटला लावायची, डोळा झाकणारी छोटी पट्टी) लावा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तो नेम न धरणाऱ्या डोळ्याच्या बाजूला, जास्तीत जास्त 30 मिमी उंच आणि मागच्या साईटच्या छिद्राच्या मध्यापासून 100 मिमीपर्यंत लांब चालतो. रंग दुधी, पारभासक घ्या. काळ्या पट्टीने तो डोळा अंधारात जातो, त्याबरोबर नेमाच्या डोळ्याची बाहुलीही मोठी होते आणि साईट धूसर दिसते. एका खांद्यावरून विरुद्ध डोळ्याने नेम धरण्यासाठी प्रिझम किंवा आरसा लावायला आंतरराष्ट्रीय नियमांत परवानगी आहे, पण बारा वर्षांच्या मुलीला त्या भानगडीत पाडू नये.

एनसीसीत .22 बोल्ट रायफलने लाइंग पोझिशनमध्ये फायर करतो. डाव्या खांद्यावरून पहिल्या दोन-तीन गोळ्या जवळ जातात, चौथी-पाचवी हमखास बाहेर. (कॅडेट, कामठी)

दोष बहुधा नेमात नाही, गोळी भरण्यात आहे. डाव्या खांद्यावर रायफल असली की बोल्ट (गोळी भरण्यासाठी मागेपुढे करायचा दांडा) तुमच्या चेहऱ्याच्या बाजूला येतो. उजवा हात स्लिंगमध्ये (रायफल पेलणाऱ्या पट्ट्यात) अडकलेला असतो, म्हणून डावा हात रायफलवरून पलीकडे न्यावा लागतो. प्रत्येक वेळी डावं कोपर थोडं सरकतं आणि बट (दस्त्याचं खांद्याला टेकणारं टोक) खांद्यात जरा खाली घसरतो. पाच गोळ्यांत हे सगळं साठत जातं.

करायचं असं. शॉटनंतर क्षणभर गाल हलवू नका. मग बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर काढा. उजव्या हाताने रायफल मागे ओढून धरा, म्हणजे बट खांद्यातच राहील. डोकं उचला आणि रायफलचा माथा किंचित डावीकडे कलवा. बोल्ट वर येतो आणि नाकापासून लांब जातो. डाव्या हाताने वरून मूठ धरून बोल्ट झटक्यात पूर्ण मागे घ्या. भीत भीत अर्धा ओढला तर रिकामी पुंगळी बाहेर पडत नाही आणि पुढची गोळी तिच्यावर अडकते. काडतूस भरून बोल्ट बंद केला की रायफल सरळ करा. कोपर खुणेवर ठेवा. चटईवर खडूने आधीच खूण करून घ्यावी. डोळे मिटून दोन श्वास घ्या आणि उघडा. साईट टार्गेटवरून हललेली दिसली तर हातांनी ढकलू नका, पोट आणि पाय सरकवा.

ग्रुप (टार्गेटवरच्या गोळ्यांचा पुंजका) उभा लांबला असेल तर बटाकडे बघा, आडवा पसरला असेल तर शरीराच्या रोखाकडे.

रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून सराव असेल तर चित्र पालटतं. पिशवी वजन पेलते, डावा हात पकडीवरच राहतो आणि मोकळा उजवा हात बोल्ट चालवतो. उजव्या हाताच्या नेमबाजाला दरवेळी पकड सोडावी लागते, तुम्हाला नाही.

जागा मागून घ्या, लाजू नका. झोपून फायर करताना तुमचे पाय उजवीकडे तिरपे जातात आणि शेजाऱ्याचे डावीकडे, म्हणून सगळ्यात उजवीकडची लेन सोयीची. उभ्याने मात्र सगळ्यात डावीकडची, नाहीतर शेजारी आणि तुम्ही समोरासमोर येता.

क्लबची मॅच एअर रायफल डाव्या हातासाठी करता येते का? (सक्करदरा)

दस्ता अॅल्युमिनियमचा, जुळवता येणारा असेल तर बरीचशी. गाल टेकायचा चीकपीस उलट बाजूला फिरतो किंवा सरकतो, खांद्याला टेकणारी बटप्लेटही तशीच. मूठ मात्र डाव्या हाताचीच हवी. ती वेगळी मिळते आणि एलन कीने बदलता येते. काही मॉडेलमध्ये लोडिंग लिव्हरही दुसऱ्या बाजूला बसतो. नाही बसला तरी बिघडत नाही. एका वेळी एकच पेलेट (छर्रा) भरायचा, रायफलचा पुढचा भाग स्टँडवर टेकलेला असतो. डावा हात मुठीवर ठेवा आणि उजव्याने लिव्हर उघडा. नळी टार्गेटकडेच राहिली पाहिजे, एवढं पाहा. लाकडी दस्ता एका बाजूला कोरलेला असेल तर त्याच्याशी झगडण्यात अर्थ नाही, दुसरी रायफल बघा.

बदलण्याआधी सगळ्या सेटिंगचे फोटो घ्या, साईटचे क्लिक लिहून ठेवा. उजव्या हाताच्या मुलाने झिरो केलेली (साईट आपल्या नेमाला जुळवलेली) रायफल तुमच्या हातात वेगळीकडे मारणार. तो ती आपल्या चेहऱ्याकडे म्हणजे डावीकडे कलवतो, तुम्ही उजवीकडे. सरळ धरून झिरो केलेली रायफल उजवीकडे कलली की छर्रा उजवीकडे आणि थोडा खाली जातो. कल दर वेळी तेवढाच ठेवा आणि त्या कलासकट आपला झिरो काढा.

जाता जाता: मे महिन्यात एअर रायफलचा हवेचा सिलिंडर गाडीच्या डिकीत ठेवू नका. आपल्याकडचं ऊन त्याच्यासाठी नाही.

उजव्या हाताचं जुनं शूटिंग जॅकेट स्वस्तात मिळतंय. घेऊ का? (महाल)

नको. बटाचं पॅडिंग उजव्या खांद्यावर असतं, तुम्हाला डाव्यावर हवं. स्लिंग अडकवायचा हूक डाव्या बाहीवर असतो, तुम्हाला उजव्या. कापडाची बेतणी वाकणाऱ्या कमरेच्या बाजूने केलेली असते, तीही उलटी पडते. दर्जीकडून दुरुस्त करायला गेलात तर स्पर्धेतल्या जाडीच्या तपासणीत अडकाल. एकेरी थराला कमाल 2.5 मिमी मुभा आहे. हातमोजाही उजव्या हाताचा लागेल. पैसे मोजकेच असतील तर ते आधी डाव्या जॅकेटवर घाला, रायफल क्लबची चालेल.

सैन्यभरतीची तयारी करतोय. डावखुऱ्याला लष्करी रायफलचा त्रास होतो का? (हिंगणा)

बहुतेक लष्करी रायफली पुंगळ्या उजवीकडे फेकतात. डाव्या खांद्यावरून त्या चेहऱ्यासमोरून जातात, कधी उजव्या हातावर आदळतात आणि गरम असतात. बाह्या पूर्ण खाली, कॉलर बंद, चष्मा कायम. पुंगळी फाटली तर गॅसही त्याच बाजूने बाहेर येतो, म्हणून चष्म्याला पर्याय नाही. ब्रिटिश एल-85 सारख्या रायफलीत पुंगळी थेट गालापाशी बाहेर पडते, त्यामुळे ती उजव्या खांद्यावरूनच चालवतात. उजवा खांदाही थोडा तयार ठेवा: रोज दहा मिनिटं, रिकाम्या रायफलने, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली.