स्पॅनिश अनेकवचन: आधी एवढंच पक्कं कर

अरे, पहिल्याच आठवड्यात अपवादांची वही कशाला काढलीस? ती बाजूला ठेव. सध्या शब्दाचं शेवटचं अक्षर तेवढं बघ.

- शेवटी स्वर असेल तर नुसता 'एस' लाव. कासा (घर), कासास.
- शेवटी व्यंजन असेल तर 'ई-एस'. पापेल (कागद), पापेलेस. सिउदाद (शहर), सिउदादेस.
- शेवटी 'झेड' असेल तर त्याचा 'सी' होतो, मग 'ई-एस'. लूस (लिहिताना luz, म्हणजे दिवा), लूसेस (luces). लिहिताना हे हमखास चुकतं.

खरी गोची नामात नसतेच, त्याच्या आजूबाजूला असते. 'ला फ्लोर रोखा' म्हणजे लाल फूल ('ला' हे इंग्रजीतल्या 'द'सारखं उपपद). अनेकवचनात 'लास फ्लोरेस रोखास', तिन्ही शब्द बदलले. आपण 'मोठा आंबा, मोठे आंबे' सहज म्हणतो, पण 'लाल फूल, लाल फुले' म्हणताना 'लाल' ढिम्म हलत नाही. तीच सवय नडते. मीही कित्येक महिने 'फ्लोरेस रोखा' म्हणत होतो.

दुसरी चूक उच्चाराची. इंग्रजीच्या वळणाने 'कासाज' म्हणू नकोस, शेवटी स्वच्छ 'स'च.

'लुनेस' (सोमवार) मात्र तसाच राहतो: 'एल लुनेस', 'लोस लुनेस', फक्त पुढचं उपपद बदलतं. आपण 'एक पेन, दोन पेन' म्हणतो ना, तसंच.

स्वरावरच्या आघातचिन्हांच्या भानगडीत आत्ता पडू नकोस. घरातल्या दहा वस्तू घे, प्रत्येकीला रंग जोड आणि मोठ्याने अनेकवचन म्हण.