कुंडीतील झाडाची पाने पिवळी का पडतात?

प्रश्न : रोज न चुकता पाणी घालूनही झाडाची खालची पाने पिवळी पडून गळतात. खत कमी पडत असेल का?

उत्तर : खताची घाई करू नये, आपल्या वर्णनावरून पाणीच जास्त होत असावे. मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते आणि माती सतत चिंब राहिली की तिच्यातील पोकळ्या पाण्याने भरून मुळे कुजू लागतात, त्यामुळे भोवती ओलावा असूनही झाड तो शोषू शकत नाही. मातीत २ ते ३ सेंटीमीटर बोट खुपसून पाहावे आणि तेथे कोरडे लागले तरच, तळाच्या छिद्रातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. नवी पालवी फुटेपर्यंत खत मुळीच देऊ नये, कारण दुखावलेल्या मुळांना त्यातील क्षार सोसत नाहीत.