तलावाकाठी चार दिवस, घाई न करता

या वेळची बहुतेक पत्रं नैनीतालबद्दल आहेत. नागपूरचा पारा चढायला लागला की थंड हवेची आठवण होणारच. त्यातले चार प्रश्न घेतले आहेत आणि शेवटी एक जवळच्या ठिकाणाचा.

प्रश्न : आम्ही दोघं आणि दोन मुलं, जूनमध्ये जायचा विचार करून राहिलो. एजंटनं तीन रात्रींत नैनीताल, राणीखेत, कौसानी आणि कॉर्बेटचं जंगल असा कार्यक्रम दिला आहे. जमेल का? (मानेवाडा)

उत्तर : जमेल, पण सुट्टीचा मोठा भाग गाडीच्या खिडकीत जाईल. नैनीतालहून राणीखेत साधारण ६० किलोमीटर आणि कौसानी ११५च्या पुढे आहे. कॉर्बेटसाठी रामनगरला जायचं तर पुन्हा डोंगर उतरावा लागतो. घाटात तासाला २५-३० किलोमीटरच होतात, त्यात मुलांना वळणं लागतात. आमचा आग्रह आहे की चार रात्री एकाच खोलीत काढा आणि नैनीताल नीट पाहा.

तारखांपेक्षा वार महत्त्वाचा. शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत दिल्लीकडच्या गाड्यांची रांग लागते. पार्किंग भरलं की बाहेरच्या गाड्या गावाबाहेर थांबवून लोकांना शटलनं आत आणतात. म्हणून सोमवारी पोचा आणि शुक्रवारी सकाळी खाली उतरा. प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद असतं, ते मंगळवारनंतर ठेवा. १५ जूनला भवालीच्या पुढे असलेल्या कैंची धाम या नीम करोली बाबांच्या आश्रमाचा वार्षिक मेळा असतो. त्या दिवशी आणि आदल्या दिवशी भवालीच्या रस्त्यावर जाऊच नका. आपल्याकडच्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात म्हणून काहीजण २० तारखेनंतर निघतात. तोवर कुमाऊँत, म्हणजे नैनीतालच्या डोंगराळ भागात, पाऊस पोचत असतो आणि दरडी सुरू होतात. जूनचा पहिला आठवडा बरा.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. नागपूरहून दिल्ली आणि पुढे नैनीतालच्या पायथ्याचं स्टेशन काठगोदाम अशी दोन वेगळी तिकिटं काढावी लागतात, आणि घोळ तिथेच होतो. दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्या उशिरा धावल्या तर सकाळची नवी दिल्ली-काठगोदाम शताब्दी हातची जाते. दिवसा दिल्लीत पोचून रात्रीची राणीखेत एक्सप्रेस धरणं सुरक्षित. मात्र ती जुन्या दिल्लीहून, म्हणजे दिल्ली जंक्शनवरून सुटते. नवी दिल्ली स्टेशनवर उतरलात तर मेट्रोच्या पिवळ्या लाइननं चांदनी चौक दोन स्टेशनांवर आहे. तुमची गाडी निजामुद्दीनला थांबणारी असेल तर शहरातल्या प्रवासाला दीड तास धरा. दोन गाड्यांमध्ये पाच-सहा तास असू द्या.

राणीखेत एक्सप्रेस पहाटे काठगोदामला पोचते. तिथून ३४ किलोमीटर घाट आहे. स्टेशनबाहेर शेअरिंग टॅक्सी आणि बस मिळतात. सात-साडेसातला तुम्ही तल्लीतालच्या, म्हणजे तलावाच्या खालच्या टोकाच्या, बसस्टँडवर असाल, खोली मात्र बहुधा दुपारी बारालाच मिळते. बॅगा हॉटेलात ठेवा आणि तलावाची फेरी याच सकाळी करून टाका.

फेरी साधारण साडेतीन किलोमीटरची आहे. तल्लीतालहून ठंडी सडकेनं निघा. या बाजूला गाड्या नाहीत, डोंगराची सावली आहे आणि वाटेत पाषाण देवीचं देऊळ लागतं. ही वाट वरच्या टोकाला, मल्लीतालला, नैना देवीच्या मंदिरापाशी निघते. पुढचं मोठं मैदान म्हणजे फ्लॅट्स. १८ सप्टेंबर १८८० रोजी इथे दरड कोसळून १५१ माणसं गेली. त्या मलब्यानं तलावाचा जो काठ भरला, त्यावर हे मैदान झालं. मुलांना हे जागेवर उभं राहून सांगा, समोरचा डोंगर मग वेगळा दिसतो. परत येताना मॉल रोड. नावेत याच सकाळी बसा, कारण दुपारनंतर वारा सुटतो. वल्ह्याच्या नावेला आधा चक्कर आणि पूरा चक्कर असे दोन दर असतात, ते स्टँडवरच्या फलकावर वाचा. लाइफ जॅकेटचा पट्टा बांधल्याशिवाय मुलांना बसवू नका. माशांना ब्रेड टाकू देऊ नका. याच तलावाचं पाणी गावाला पिण्यासाठी जातं आणि ते श्वास घेत राहावं म्हणून तळाशी यंत्रानं हवा सोडावी लागते.

एक दिवस भीमताल, नौकुचियाताल आणि सातताल यांना द्या. ही ठिकाणं सुमारे १,३५० मीटरवर, म्हणजे नैनीतालपेक्षा सहाशे मीटर खाली आहेत. दुपारी तिथे ऊन जाणवतं. सातताल सकाळी पहिल्यांदा घ्या, पक्षी तेव्हाच दिसतात. टॅक्सीवाले उलटा क्रम लावतात, निघण्याआधीच बोलून घ्या. उरलेले दोन दिवस मोकळे ठेवा.

प्रश्न : सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. गुडघे दुखतात आणि घाटात उलटी होते. त्यांना न्यावं का? (महाल)

उत्तर : न्या, फक्त हॉटेल निवडताना चुकू नका. हे गाव वाटीसारखं आहे. तलाव तळाशी आणि घरं चहूबाजूंनी चढावर. जाहिरातीतलं ‘लेक व्ह्यू’ म्हणजे अनेकदा रस्त्यापासून ऐंशी-शंभर पायऱ्या वर. फोनवर एकच प्रश्न विचारा : गाडी जिथे थांबते तिथून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती? उत्तर गोलमोल आलं तर दुसरं हॉटेल बघा. लिफ्ट, गिझरची वेळ आणि हीटरचे वेगळे पैसे हेही विचारून घ्या. मॉल रोडवर सपाटी आहे, पण हंगामात संध्याकाळी तो वाहनांसाठी बंद ठेवतात. त्या वेळी आलात तर सामान घेऊन चालावं लागेल.

काठगोदाम साधारण साडेपाचशे मीटरवर आणि तलाव १,९३८ मीटरवर, एवढा चढ दीड तासात होतो. त्यांना पुढच्या सीटवर बसवा, काच थोडी उघडी ठेवा आणि निघताना कोरडं, हलकं खायला द्या. रिकामं पोट आणि भरपेट नाश्ता, दोन्ही त्रासदायक. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून तासभर आधी द्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. या उंचीवर विरळ हवेचा आजार सहसा होत नाही, तरी चढावर दम लागतो. हृदयाचा त्रास असेल तर आधी तपासून घ्या. तलावाकाठी बसणं, नावेची फेरी, नैना देवीचं दर्शन आणि रोपवे एवढं त्यांना सहज झेपेल. प्राणिसंग्रहालय डोंगराच्या चढावर आहे, तिथे नेऊ नका.

प्रश्न : शेजारी मागच्या मे महिन्यात गेले होते. स्नो व्ह्यूवरून एकही बर्फाचं शिखर दिसलं नाही म्हणाले. मग तिथे जायचं कशाला? (प्रतापनगर)

उत्तर : दोष महिन्याचा आणि वेळेचा आहे. मे-जूनमध्ये खालच्या मैदानातली धूळ आणि चीडच्या जंगलातल्या वणव्यांचा धूर हवेत तरंगतो. शिखरं शंभरेक किलोमीटर दूर, त्यामुळे तेवढ्या धुरक्यानं ती पुसली जातात. पावसानं हवा धुतली की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नंदादेवी (७,८१६ मीटर), त्रिशूल आणि नंदाकोट स्पष्ट दिसतात. तेही सकाळी नऊपर्यंत, पुढे ढग चढतात. त्यासाठी स्नो व्ह्यूला नेणाऱ्या रोपवेची वाट बघू नका, उजाडताच टॅक्सीनं किलबरीच्या रस्त्यावरच्या हिमालय दर्शनला जा. पायात बळ असेल तर नैना पीक (२,६१५ मीटर) एका सकाळीत होतं.

टिफिन टॉप या डोंगरमाथ्याचे जुने व्हिडिओ पाहून बेत आखू नका. तिथली डोरोथी सीट ही दगडी बैठक ऑगस्ट २०२४मध्ये दरडीत कोसळली. वाट उघडी आहे का, हे गावात पोचल्यावर विचारा.

दसऱ्याला जोडून जाणाऱ्यांसाठी : धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी देशभरातून लोक दीक्षाभूमीवर येतात. त्या दोन-तीन दिवसांत नागपूरकडे येणाऱ्या गाड्या खचाखच असतात. परतीची तारीख त्यानंतरची ठेवा.

प्रश्न : कपडे काय न्यावेत आणि आणायचं काय? (नंदनवन)

उत्तर : जूनमध्येही रात्रीसाठी एक स्वेटर हवाच, ऑक्टोबरच्या शेवटी जाड जॅकेट. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, दोन्ही हात मोकळे राहतात. बालमिठाई कोरडी असते, प्रवासात टिकते. पानात गुंडाळलेली सिंगोडी मऊ खव्याची, ती तिथेच खा. रंगीत मेणबत्त्या सुंदर असतात, पण उन्हाळ्यात घेऊ नका. नागपूर येईपर्यंत त्यांचा आकार राहत नाही. जेवणात आलू के गुटके (मसाल्यात परतलेले बटाटे) आणि भट्ट की चुड़कानी (काळ्या सोयाबीनची रसभाजी) मागून पाहा. मॉल रोडवर नसेल तर मल्लीतालच्या बाजारात विचारा.

प्रश्न : एवढं लांब जमणार नाही. जुलैत चिखलदरा कसं राहील? (वाडी)

उत्तर : छान राहील, पण धुक्याची तयारी ठेवा. अमरावती, परतवाडा मार्गे साधारण २३० किलोमीटर, पाच ते सहा तास. जुलै-ऑगस्टमध्ये पंचबोल आणि देवी पॉइंटवर दिवस दिवस धुकं हटत नाही. भीमकुंडाच्या धबधब्याला पाणी मात्र तेव्हाच असतं. दोन रात्री राहा म्हणजे एक तरी सकाळ उघडी मिळेल, आणि तशी मिळाली की आधी गाविलगड गाठा. शक्कर तलाव धुक्यातही बघता येतो. परतवाड्याच्या पुढचा घाट अंधार पडायच्या आत चढा. पेट्रोल परतवाड्यातच भरून घ्या आणि रोख पैसे जवळ ठेवा.