आधी कागद, मग रॉकेट

अगं पोरी,

तुझी मेल वाचली आणि खरं सांगू, आधी राग आला, मग तुझी काळजी वाटली. निवृत्त इंजिनिअरच्या घरचे तुमच्या संग्रहालयाला सगळं द्यायला तयार आहेत, एकीकडे रॉकेट मोटरचं नोझल, म्हणजे जळता वायू बाहेर पडतो ते तोंड, दुसरीकडे कागदांनी भरलेले माळ्यावरचे धुळकट खोके, आणि तुमच्या साहेबांचं म्हणणं की नोझल उचला, कागद स्कॅन करा नि मूळ रद्दीत जाऊ दे, जागा कुठाय. आणि तू विचारतेस, 'मॅडम, यात काही चुकतंय का?' चुकतंय! आधी कागद, मग रॉकेट. एकाचीच जागा असेल तर नोझल सोड.

वेडी वाटले ना? वाटू दे. आमच्या ऑफिसात मला रद्दीवाली बाई म्हणायचे, तोंडावर नाही, पण ऐकू येईल इतपत.

नोझल काचेत ठेवशील, छान लाइट सोडशील, लोक येतील, सेल्फी काढतील. त्यांच्यावर माझा राग नाही, तिकिटं तेच काढतात. पण ते नोझल कुठल्या चाचणीत जळलं, त्याच्या घशातलं ग्रॅफाइट कोणी बदललं आणि का, हे नोझल सांगत नाही गं. ते वहीच्या समासात असतं. स्टॅटिक टेस्टच्या, म्हणजे मोटर जमिनीवर बांधून पेटवायच्या चाचणीच्या, चार्ट पेपरचं एक भेंडोळं मी उलगडत होते, दाबाची रेष कशी गुळगुळीत चाललेली, आणि एका ठिकाणी ती जराशी थरथरते, तिथे पेन्सिलीने बारीक अक्षरात 'गळती, वॉशर बदलला' आणि खाली नुसती आद्याक्षरं. टाइप केलेल्या रिपोर्टात त्या गळतीचं नावही नाही. रिपोर्टात सगळं नेहमी ठीकच असतं.

माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-5 रॉकेटचे आराखडे हरवले असं लोक अजून छातीठोकपणे सांगतात. हरवले नाहीत, नासाच्या मार्शल सेंटरला मायक्रोफिल्मवर आहेत. गेलं ते वेगळंच. 2013 च्या सुमाराला नासाच्या तरुण इंजिनिअरांनी गोदामातलं त्याच रॉकेटचं एफ-1 इंजिन खोलून बघितलं, तर इंजिन आणि कागद जुळेनात, कारण वेल्डरनी आणि फिटरनी जागच्या जागी हाताने केलेल्या करामती आराखड्यात उतरल्याच नव्हत्या. म्हणजे इंजिन समोर आहे, आराखडा हातात आहे, आणि मधला माणूस गायब. तुझ्या खोक्यांमध्ये तो मधला माणूस आहे!

आपला तो बैलगाडीवरच्या उपग्रहाचा फोटो घे. ॲपल, आपला संदेशवहन उपग्रह, 1981. जगभर फिरतो आणि बघणारे म्हणतात, बिचारे, ट्रक नव्हता वाटतं. अरे, अँटेनाच्या चाचणीत वाहनाचं लोखंड आड येऊ नये म्हणून बैलगाडी आणली होती, तो इंजिनिअरिंगचा निर्णय होता, गरिबी नव्हती. फोटो तोच, पण शेजारची दोन ओळींची नोंद काढून घेतली की अख्खा अर्थ उलटा होतो. हे मी किती जणांना सांगितलंय, आणि तरी दरवर्षी कोणीतरी तो फोटो 'साधनं नसतानाही जिद्द' असं लिहून मला पाठवतंच.

नोंद चुकली तर काय होतं तेही बघ. आर्मस्ट्राँगने चंद्रावर नमुने गोळा करायला वापरलेली पिशवी नोंदीतल्या घोळामुळे 2015 मध्ये सरकारी लिलावात 995 डॉलरला गेली, आणि 2017 मध्ये तीच 18 लाख डॉलरला विकली गेली. पिशवी सुरक्षितच होती, कागद चुकला होता.

आता स्कॅनचं. स्कॅन कर, जरूर कर, पण स्कॅन झालं म्हणजे मूळ फेकायची परवानगी मिळाली असं नाही. स्कॅन करणारा मुलगा पानाची मागची बाजू सोडतो, चिकटवलेली चिठ्ठी उचलून खाली बघत नाही, आणि फाईल आज उघडते म्हणजे तीस वर्षांनी उघडेल असं कोणी लिहून दिलंय? अपोलो 15 आणि 17 ने चंद्राच्या जमिनीत तापमापक पुरले होते, 1977 पर्यंत माहिती येत होती, पण नंतरच्या वर्षांच्या टेप गायब झाल्या. खूप शोधाशोध करून 1975 च्या काही महिन्यांच्या टेप सापडल्या, आणि उरलेल्यातलं बरंच कशावरून भरून काढलं माहितीये? ह्यूस्टनच्या एका संस्थेत पडून असलेल्या आठवड्याच्या नोंदींवरून. कागदावरच्या! त्यातून 2018 मध्ये कळलं की अंतराळवीरांच्या वावराने वरची माती उकरली गेली, खालची गडद माती उघडी पडली आणि म्हणून जमीन तापत गेली. आठवड्याच्या रटाळ नोंदी, बरं का. तुमच्या साहेबांनी आधी त्याच फेकल्या असत्या.

आणि फेकणारा दुष्ट नसतो, हे लक्षात ठेव. अपोलो 11 च्या मूळ टेलिमेट्री टेप, म्हणजे यानाकडून आलेले संदेश नोंदवलेल्या टेप, ज्यांच्यावर चंद्रावरचं चित्र प्रसारणापेक्षा जास्त स्वच्छ होतं, त्या बहुतेक पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असं नासाच्याच 2009 च्या अहवालात आहे. टेपचा तुटवडा होता, कोणीतरी नियमाप्रमाणे काम केलं. उलट नासाच्या टेप सांभाळणारी नॅन्सी इव्हान्स बघ. चंद्राचे फोटो काढणाऱ्या लुनार ऑर्बिटर यानांच्या 1966-67 मधल्या टेप टाकून द्यायला तिने नकार दिला, त्या वाचणारी अवजड मशीनं कोणालाच नको होती तर ती स्वतःच्या घरी नेऊन ठेवली, वर्षानुवर्षं. म्हणून 2008 मध्ये नासाच्या एम्स सेंटरच्या आवारातल्या एका बंद मॅकडोनाल्डमध्ये बसून लोकांनी ती चित्रं पुन्हा जिवंत केली. तिलाही कोणीतरी विचारलंच असेल, बाई, हे भंगार कशाला?

मला गॅलरीचं प्रमोशन देत होते, मी घेतलं नाही. घरच्यांनी समजावलं, पगार, केबिन, नाव, सगळं खरं होतं. पण मी उठले असते तर माझ्या टेबलाखालचे खोके दुसऱ्याच दिवशी ट्रकमध्ये गेले असते, आणि ऑफिस हलवलं तेव्हा शेजारच्या सेक्शनचे तसेच गेले, त्यात एका संपूर्ण प्रोजेक्टच्या लॉगबुक होत्या. माझ्या जागी दुसरं कोणी जास्त हुशारीने वागलं असतं, मान्य. पण माझे खोके आहेत अजून. ते बघायला कोणी येत नाही असं म्हणतात, येतील की, घाई काय आहे.

सल मात्र एक आहे. एक म्हातारे फिटर होते, त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचा प्रस्ताव मी दिला, फाईल मंजुरीसाठी फिरत राहिली आणि फिटर गेले. त्यांच्या वह्या आमच्याकडे आहेत, पण त्यातली निम्मी लघुरूपं वाचता येणारं आता कोणी उरलं नाही. तुझ्या इंजिनिअरचे सहकारी हयात असतील ना? मंजुरीची वाट बघू नकोस, फोनवर रेकॉर्ड कर. आणि डायरेक्टरकडे आधी जाऊ नकोस, ते भाषण देतील. ज्याने नट आवळले त्याच्याकडे जा, एकेक पान समोर धर आणि विचार, हे कोणाचं अक्षर, हे काय लिहिलंय.

साहेबांना सांग की नोझल वर्षभर घरच्यांकडेच राहू दे, लोखंड काही पळून जात नाही, कागदाला मात्र वाळवी लागते. आधी कागद, मग रॉकेट, त्यांच्यासमोर हेच वाक्य वापर, माझं नाव सांगितलंस तरी चालेल, ते मला ओळखतात आणि मी त्यांना आवडत नाही.

खोके उघडशील तेव्हा आतला क्रम बदलू नकोस, तो गबाळा वाटला तरी त्या माणसाचा आहे. उचलायच्या आधी प्रत्येक खोक्याचा फोटो काढ. गंजलेल्या पिना आणि रबर बँड सावकाश काढ, नंबर मऊ पेन्सिलीने टाक, बॉलपेन जवळसुद्धा आणू नकोस. थर्मल पेपर फिका पडतो, त्याचं स्कॅनिंग सगळ्यात आधी. फिल्मच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास आला तर तो डबा लगेच बाकीच्यांपासून लांब ठेव. आणि टेप सापडली तर ती चालते का बघायला कुठल्याही मशीनवर चढवू नकोस, कितीही मोह झाला तरी, आधी मला फोन कर.