माझ्या गाडी चालवण्याने दुसऱ्याचं पेट्रोल वाचू शकतं का?

अ‍ॅव्हरेज कसं वाढवायचं हे सगळेच सांगतात. टायरमधली हवा बघा, गाडी दामटू नका, सिग्नलला इंजिन बंद करा. तुम्ही विचारलंय ते वेगळं आहे: आपण समजून चालवली तर मागच्या-पुढच्या गाड्यांचंही पेट्रोल वाचतं का, की ते नुसतं मनाचं समाधान?

वाचतं. पुष्कळदा आपल्या स्वतःच्या गाडीपेक्षा जास्त वाचतं, कारण आपण एकटे असतो आणि मागे रांग असते.

पेट्रोल जाळून गाडीला वेग दिलेला असतो. ब्रेक दाबला की डिस्क तापते आणि तो वेग हवेत जातो. मी एकदा याचा कागदावर हिशेब मांडला होता. माणसांसकट १२०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असेल तर तिच्या वेगात साधारण १ लाख ६७ हजार ज्यूल ऊर्जा असते. एक लिटर पेट्रोलमध्ये ३ कोटी २० लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा, पण चाकांपर्यंत पोचते ती जेमतेम पाव, म्हणजे ८० लाख. भागाकार केला की २० मिलिलिटर येतं. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणाऱ्या चमच्याने चार चमचे. तुमच्यामुळे मागच्याला ६० वरून कच्चकन थांबावं लागलं, तर पुन्हा ६० गाठताना तो ते चार चमचे नव्याने जाळतो. पूर्ण न थांबता ३० वर आला तरी निम्मं वाचलं असं नाही. वेग निम्मा झाला की ऊर्जा पावच उरते, म्हणजे चारातले तीन चमचे गेलेच.

चार चमच्यांनी काय होतंय, असं वाटेल. पण मागे रांग आहे. पहिला थोडा ब्रेक दाबतो, त्याच्या मागचा जरा उशिरा आणि जरा जास्त, तिसरा आणखी जास्त, आणि पंधराव्याला गाडी उभीच करावी लागते. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या, आणि सगळ्यांना सूचना एकच, की ताशी ३० च्या आसपास एकसारखी चालवा. सिग्नल नाही, खड्डा नाही, कोणी आडवं येत नाही. थोड्या वेळाने तरीही गाड्या थांबायला लागल्या आणि ती थांबण्याची लाट गाड्यांच्या उलट दिशेने, साधारण ताशी २० किलोमीटरने, मागे सरकत राहिली. आपण कधी कधी वीस मिनिटं अडकतो आणि पुढे गेल्यावर ना अपघात दिसतो, ना काम चाललेलं. ते बऱ्याचदा हेच असतं. कोणीतरी कधीतरी ब्रेक दाबलेला असतो आणि तो केव्हाच घरी पोचलेला असतो.

तुमच्या प्रश्नाला याच्या उलटा प्रयोग जास्त लागू पडतो. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधल्या टूसॉनला अशाच गोल रस्त्यावर वीसेक गाड्या फिरवल्या. त्यातल्या एकाच गाडीचा वेग संगणक सांभाळत होता आणि त्याचं काम एवढंच, की पुढच्याच्या मागे धावायचं नाही, सरासरी वेग धरून चालायचं. त्या एका गाडीने लाट मोडली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निकालांप्रमाणे सगळ्या गाड्यांचं मिळून इंधन ४० टक्क्यांपर्यंत कमी लागलं. खऱ्या रस्त्यावर ४० टक्क्यांची आशा धरू नका. तिथे लेन बदलणारे असतात, सिग्नल असतात, दुचाक्या असतात. पण वीसात एक गाडी शहाणी असली तर बाकीच्यांना फरक पडतो, एवढं त्यातून नक्की दिसलं.

ती शहाणी गाडी आपण व्हायचं. त्यासाठी करायचं ते अगदीच साधं आहे, फक्त स्वभावाला जड जातं: पुढच्याच्या पाठीला चिकटायचं नाही. मध्ये दोन-तीन सेकंदांची जागा असली की त्याचे लाल दिवे लागल्यावर मला लगेच ब्रेक दाबावा लागत नाही. मी रेसवरचा पाय काढतो, गाडी गिअरमध्येच राहू देतो (हल्लीची इंजिनं अशा वेळी पेट्रोल जवळजवळ पूर्ण बंद करतात, न्यूट्रलमध्ये टाकायची गरज नसते) आणि बहुतेक वेळा मी जवळ पोचेपर्यंत तो परत निघालेला असतो. माझे ब्रेकचे दिवे लागलेच नाहीत, म्हणून माझ्या मागच्याचेही लागले नाहीत. लाट माझ्यापाशी संपली.

यावर लगेच येणारा आक्षेप मला माहीत आहे: जागा सोडली की कोणीतरी घुसतं. घुसतं ना. घुसू द्या. एक गाडी मध्ये आली म्हणजे मी दोन सेकंद मागे पडलो. तासाभरात दहा जण घुसले तर वीस सेकंद. ती वीस सेकंद वाचवायला मी पूर्वी तासभर क्लच-ब्रेक-क्लच करत बसायचो आणि उतरल्यावर गुडघा चोळायचो.

आता मालाच्या गाड्यांबद्दल, कारण दुसऱ्याचं सगळ्यात जास्त इंधन आपण तिथे घालवतो. २५ टन वजनाचा भरलेला ट्रक ६० वरून थांबवला तर वरच्याच पद्धतीने हिशेब करा. डिझेल इंजिन जास्त कार्यक्षम धरलं तरी जवळजवळ पाव लिटर डिझेल जातं. आणि ते एका ब्रेकचं आहे.

हे मला आकड्यांच्या आधी कळलं ते घर बदलताना. सामानाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरकाकांच्या शेजारी बसलो होतो. समोर लांबलचक चढ दिसत होता आणि काकांनी आधीच्या सपाटीवर गाडीला हळूहळू वेग दिला होता. चढ सुरू व्हायच्या शंभर पावलं आधी एक कार आम्हाला ओव्हरटेक करून पुढे आली आणि लगेच ब्रेक दाबून बाजूच्या फाट्यावर वळली. काकांनी ब्रेक दाबला, गिअर एकामागून एक खाली आणले, आणि आम्ही तो सगळा चढ पायी चालणाऱ्याच्या जरा पुढे, इतक्या वेगाने घोंघावत चढलो. मला वाटलं होतं शिवी देतील. ते एवढंच म्हणाले, “गेला तो. पण माझा चढ घेऊन गेला.”

नंतर हिशेब केला तेव्हा त्या वाक्याचा अर्थ नीट लागला. घर्षण आणि हवा बाजूला ठेवली तर ताशी ६० चा वेग कुठल्याही गाडीला, नुसत्या त्या वेगाच्या जोरावर, सुमारे १४ मीटर उंच चढवू शकतो. म्हणजे चार मजले. ते चार मजले काकांनी सपाटीवर कमावून ठेवले होते, आणि त्या कारवाल्याने आमच्या मागे दहा सेकंद थांबायचं टाळण्यासाठी ते संपवले. आमच्या मागून येणाऱ्या सगळ्या गाड्यांनाही मग आमच्याच वेगाने, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढावं लागलं, ते वेगळंच. आणि खरं सांगायचं तर असा कट मी स्वतः आयुष्यात कितीदा मारला असेल याची गणती नाही. तेव्हापासून चढाच्या तोंडाशी भरलेल्या गाडीच्या पुढे जात नाही. जायचंच असेल तर खूप आधी जातो किंवा चढ संपल्यावर. तोही ओव्हरटेक सुरू करण्याआधी स्वतःला विचारतो, की लगेच पुढे मला वळायचंय का? वळायचं असेल तर मागेच बरा.

आता दुसरी बाजू, जी अ‍ॅव्हरेजवाले सहसा सांगत नाहीत. स्वतःचं इंधन वाचवण्याच्या नादात दुसऱ्याचं जाळता येतं. मी ते केलंय. डॅशबोर्डवर अ‍ॅव्हरेजचा चालू आकडा दाखवणारी गाडी पहिल्यांदा घेतली तेव्हा मला त्या आकड्याचं वेड लागलं होतं. लांबवर लाल सिग्नल दिसला की पाय काढायचा आणि रांगत रांगत जायचं. आकडा वर चढायचा, मी खूश. एकदा बायको मागे बघून म्हणाली, “अहो, तो बिचारा मघापासून वळायचा इंडिकेटर देतोय, त्याचा बाण हिरवा आहे, तुम्ही जरा पुढे गेलात तर जाईल ना तो!” मी वळणाऱ्यांच्या लेनचं तोंड अडवून निवांत तरंगत होतो. मी पुढे सरकेपर्यंत त्याचा बाण लाल झाला. मी माझा एखादा चमचा वाचवला, आणि तो, त्याच्या मागचे तिघं-चौघं असे सगळे पुढचा सबंध सिग्नल इंजिन चालू ठेवून उभे राहिले. उभ्या कारचं इंजिन तासाला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल पितं. सगळं मिळून माझी बचत कुठल्या कुठे गेली.

म्हणून माझा आता नियम असा झालाय, की पाय काढण्याआधी आरशात बघायचं. मागे कोणी नसेल तर हवं तेवढं तरंगा. मागे गाड्या असतील तर रस्त्याच्या वेगाने चला. मोकळ्या रस्त्यावर ४० ने जाणारा माणूस स्वतःचं थोडंफार वाचवत असेलही, पण त्याच्या मागचा प्रत्येक जण आधी ब्रेक दाबतो, मग ओव्हरटेकसाठी रेस दाबतो. हिरवा झाल्यावरही तेच. फोनमधून डोकं वर काढायला पहिल्याने चार सेकंद घेतली, तर शेवटच्या दोन गाड्या त्या हिरव्यात बसत नाहीत. रॉकेटसारखं सुटायची गरज नाही, वेळेवर हलायची आहे.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण फुकटच्या आहेत. इंडिकेटर वळताना नाही, वळण्याच्या पुरेसा आधी द्यायचा. मागचा मग ब्रेकऐवजी नुसता पाय काढतो किंवा आधीच बाजूने निघून जातो. “दोन मिनिटांत येतो” म्हणून अर्धी गाडी रस्त्यात ठेवली की त्या दोन मिनिटांत येणारा प्रत्येक जण तिथे थांबून, समोरच्याला जाऊ देऊन, पहिल्या गिअरमध्ये निघतो. दोन लेनची एक होत असेल तिथे एक याची, एक त्याची अशी गाडी सोडली तर दोन्ही रांगा हलत्या राहतात. रात्री समोरून गाडी आली की हेडलाइटचा झोत खाली (डिप्परवर) घ्यायचा, कारण डोळे दिपलेला माणूस आधी ब्रेकच दाबतो. विजेच्या आणि हायब्रिड गाड्या ब्रेक दाबताना थोडी ऊर्जा बॅटरीत परत घेतात, पण सगळी नाही, आणि तुमच्या मागे कुठली गाडी आहे ते तुम्हाला कुठे माहीत असतं.

हे सगळं धोका नसतानाचं. समोर काही आलं तर ब्रेक दाबायचाच, तिथे चमचे मोजत बसायचं नाही.

आणि तुम्ही अंतर ठेवून चालवायला लागाल तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुमच्या मागे कोणीतरी चिकटेल, अप्पर मारेल. त्याला धडा शिकवायला वेग कमी करू नका, त्याने मागे नवी लाट सुरू होते. रस्ता रुंद झाला की इंडिकेटर देऊन बाजू द्या आणि त्याला जाऊ द्या. बहुतेक वेळा पुढच्या सिग्नलला तो तुमच्याच शेजारी उभा असतो.