दूरच्या रस्त्याची दुचाकी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पावसाळा ओसरला की घाट आणि कोकण यांचे वेध लागतात आणि या सदराकडे येणारी पत्रे वाढतात. यंदाच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : चारशे ते साडेसहाशे सीसीची, उंच बैठकीची, लांबच्या प्रवासाला आणि उखडलेल्या रस्त्याला सारखीच चालणारी दुचाकी, जिला बाजारात ‘ॲडव्हेंचर टूरर’ म्हणतात. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझी उंची पाच फूट चार इंच आहे आणि वय सेहेचाळीस. पंधरा वर्षे दीडशे सीसीची गाडी चालवत आलो आहे. रोजचा प्रवास कासारवडवली ते ऐरोली असा आहे. शोरूममध्ये रॉयल एन्फिल्डच्या हिमालयन ४५० वर बसून पाहिले, तर दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकले. मित्र म्हणतात, गाडी घेऊन ती खाली करून घे. ते योग्य ठरेल का?
— एक वाचक, कासारवडवली

उत्तर : चवडे टेकणे ही अडचण खरी आहे, मात्र ती नेमकी कोठे उभी राहते, ते आधी पाहू. गाडी चालू असताना पाय टेकण्याचा प्रश्नच येत नाही. तो येतो गाडी थांबताना, आणि त्यातही चढावर, खडीवर, किंवा हँडल पूर्ण वळवून यू-टर्न घेत असताना एकाएकी थांबावे लागले तर. सकाळी घोडबंदर रस्त्यावरील उड्डाणपुलाच्या चढावर कंटेनरच्या मागे दहा-दहा फूट पुढे सरकणे, किंवा माजिवड्याच्या पुलाखाली वळताना आडवी आलेली रिक्षा, या तुमच्या खऱ्या कसोटीच्या जागा आहेत. कशेडी आणि परशुरामचे घाट त्यामानाने सोपे जातील.

कागदावरची उंची अर्धीच हकीकत सांगते. या गाडीची बैठक ८२५ मिलिमीटरवर आहे, ती ८४५ पर्यंत वाढवता येते आणि कमी उंचीची वेगळी सीट घेतली तर ८०५ पर्यंत खाली येते. परंतु पाय किती टेकतील हे सीटच्या पुढच्या भागाची रुंदी, तुमच्या वजनाने सस्पेन्शन किती दबते आणि बुटाचा तळ किती जाड आहे यांवरही ठरते. म्हणून पुन्हा शोरूममध्ये जाल तेव्हा चपला घालून जाऊ नका. ज्या बुटांत गाडी चालवणार तेच घाला, मागे कोणाला तरी बसवा, हँडल एका बाजूला पूर्ण वळवा आणि बसल्या बसल्या पायांनी गाडी चार पावले मागे ढकलून पाहा. थांबताना नितंब किंचित डावीकडे सरकवून डावा पाय पूर्ण टेकवायचा आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवायचा, ही सवय एकदा अंगवळणी पडली की दोन्ही टाचा टेकण्याची गरज उरत नाही. पाच फूट चारच्या माणसाला एक पाय भक्कम टेकवता येणे पुरेसे आहे, असे मी जबाबदारीने सांगतो.

गाडी खाली करून घेण्याला मात्र माझा विरोध आहे. मागच्या सस्पेन्शनच्या पट्ट्या बदलून गाडी खाली आणली की तिची जमिनीपासूनची उंची घटते, हँडलचा स्वभाव बदलतो आणि साइड स्टँड गाडीच्या मानाने लांब ठरतो. मग ती इतकी सरळ उभी राहते, की हलक्या धक्क्याने किंवा जागेच्या किरकोळ उताराने उलट बाजूला कलंडते. त्यापेक्षा कमी उंचीची सीट घ्या, अथवा चांगल्या सीटवाल्याकडून मूळ सीटच्या पुढच्या कडा मांड्यांपाशी तासून घ्या. फोम मधोमध कमी करू देऊ नका. कारण तेथेच तुम्हाला सहा तास बसायचे आहे.

उंचीपेक्षाही वजनाचा विचार अधिक करा. ही गाडी १९६ किलोंची आहे, म्हणजे तुमच्या सध्याच्या गाडीपेक्षा साधारण पन्नास किलोंनी जड. तुमच्या सोसायटीचे पार्किंग पोडियमवर असेल, तर तेथील उतार, खांबांमधील अंतर आणि वळायला मिळणारी जागा ही गाडी बुक करण्यापूर्वी पाहून या. रोज रात्री दमून आल्यावर गाडी जेथे मागे ओढायची आहे, तेथे ती ओढवेल का, हा प्रश्न अश्वशक्तीच्या आकड्याहून महत्त्वाचा आहे.

यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. माळशेज घाटात एका वळणावर, सामानाने भरलेली गाडी घेऊन मी दरीच्या बाजूला थांबलो. चाके डांबरावर होती, पण डावा पाय जेथे टेकायचा तेथे गवताखाली गटार होते. पाय वीतभर अधिक खाली गेला, गाडी कलली, आणि एका मर्यादेपुढे ती दोन्ही हातांनी धरून ठेवता येत नाही हे त्या क्षणी कळले. क्लचचा दांडा मोडला. मागे बसलेली पत्नी वेळीच उतरली म्हणून तिला काही झाले नाही. त्या दिवसापासून चाक कोठे थांबेल यापेक्षा पाय कोठे पडेल, हे मी आधी पाहतो.

आडवी पडलेली गाडी उचलण्याचीही एक रीत आहे, ती घरच्या पार्किंगमध्ये कोणाच्या तरी मदतीने करून पाहावी. प्रथम इंजिन बंद करा आणि गिअर टाका, म्हणजे चाक फिरणार नाही. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवा, सीटला पाठ लावून खाली बसा, एका हाताने हँडलची खालची मूठ आणि दुसऱ्या हाताने मागची पकड धरा आणि कंबर न वाकवता, पायांच्या जोरावर छोटी छोटी पावले मागे टाकत उठा. समोरून वाकून उचलणाऱ्यांच्या पाठीत चमक भरते.

प्रश्न : मी आणि पत्नी शनिवार-रविवार बाहेर पडतो. साठ-सत्तर किलोमीटरनंतर तिची कंबर भरून येते आणि खड्ड्यात ती माझ्यावर येऊन आदळते. सीटच्या मागे टॉप बॉक्स (सामानाची पेटी) बसवला तर तिला पाठ टेकता येईल, असे दुकानदार म्हणतो.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : टॉप बॉक्स हा उपाय आहे, पण तो शेवटचा. आधी ज्याला एक रुपयाही लागत नाही, ते करा. मागच्या सस्पेन्शनला प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी, खिट्टी किंवा फिरवायची रिंग असते. गाडी कारखान्यातून येते तेव्हा ती साधारणपणे एकट्या चालकासाठी लावलेली असते. मागे माणूस आणि सामान आले की मागची बाजू बसते, पुढचे चाक हलके होते, हँडल ढिले वाटू लागते, रात्री दिव्याचा झोत समोरच्यांच्या डोळ्यांत जातो आणि खड्डा आला की मुळातच दबलेल्या सस्पेन्शनला आणखी दबायला जागा न उरल्याने सगळा हिसका मणक्याला बसतो. प्रीलोड वाढवा, मागच्या टायरची हवा गाडीच्या पुस्तिकेत दोघांसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा आणि मग पाम बीच मार्गावर एक फेरी मारून या. फरक तुम्हाला कळण्याआधी त्यांना कळेल.

दुसरी गोष्ट तुमच्या उजव्या हाताची आहे. मागे बसलेल्याला रस्ता दिसत नाही. त्यामुळे पुढचा ब्रेक दचकून दाबला की त्या पुढे सरकणारच. मागचा ब्रेक अलगद आधी लावून गाडीचा तोल बसू द्या आणि मग पुढचा वाढवत न्या. खड्डा किंवा गतिरोधक आला की गुडघ्याला हलका स्पर्श करण्यासारखी एखादी खूण ठरवून घ्या, म्हणजे त्या पायांवर भार घेऊन क्षणभर सीटवरून उचलल्या जातील. त्यांचे पाय फूटरेस्टवर नीट बसतात का, गुडघे फार दुमडतात का, हे त्यांनाच विचारा. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत फॉग लाइट, एक्झॉस्ट आणि गार्ड यांविषयी भरभरून लिहिलेले असते. मागच्या सीटविषयी लिहिणारे तुमच्यासारखे थोडेच, म्हणून तुमचे पत्र वाचून बरे वाटले.

एवढे करूनही पाठ दुखत राहिली तर टॉप बॉक्स जरूर बसवा. पण त्यात रेनकोट, जॅकेट, खाऊ असे हलकेच सामान ठेवा. तो मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे आणि वर असतो, म्हणून तेथे भरलेला प्रत्येक किलो पुढचे चाक हलके करतो. पाना-पकड, पंक्चरचे साहित्य आणि पाण्याच्या बाटल्या यांची जागा दोन्ही बाजूंच्या पेट्यांमध्ये, म्हणजे पॅनियरमध्ये, अगदी तळाशी. आठवडाभर पॅनियर काढून ठेवा. तुर्भ्याच्या सिग्नलला दोन गाड्यांमधून वाट काढताना आपली रुंदी वाढली आहे, याचा हमखास विसर पडतो.

प्रश्न : ऐंशीच्या वेगाला हेल्मेटमध्ये इतका आवाज आणि थडथड होते की दोन तासांत डोके जड होते. उंच विंडस्क्रीन घ्यावी का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : घाई करू नका. थडथड वाऱ्याची नसते, फाटलेल्या वाऱ्याची असते. काचेच्या वरच्या कडेवरून उसळलेला गढूळ वारा नेमका हेल्मेटवर आदळत असेल, तर किंचित उंच काच घेतल्याने तो कपाळावरून डोक्यावर सरकतो आणि त्रास तसाच राहतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर आधी थोडे खाली वाकून पाहा आणि नंतर फूटरेस्टवर किंचित उठून पाहा. वाकल्यावर शांत वाटले तर उंच काच उपयोगी पडेल; उठल्यावर शांत वाटले तर तुम्हाला काच बुटकीच हवी, म्हणजे स्वच्छ वारा सरळ छातीवर आणि हेल्मेटवर येईल. मऊ इअरप्लगची जोडी अगदी स्वस्तात मिळते आणि लांबच्या रस्त्यावर थकवा खूप कमी करते. शहराच्या गर्दीत मात्र ते वापरू नका, कारण तेथे हॉर्न नीट ऐकू यायला हवा.

प्रश्न : चारशे सीसीच्या वरच्या गाडीला द्रुतगती मार्गावर परवानगी असते, असे ऐकले. खरे आहे का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग हे तिन्ही दुचाकींना बंद आहेत, मग इंजिन कितीही मोठे असो. पुण्याला जायचे तर पनवेल, चौक, खोपोली आणि शिंग्रोबाच्या देवळावरून चढणारा जुना घाट. नाशिकला जायचे तर पडघा, शहापूर आणि कसारा. गाडीचा आनंद असल्याच रस्त्यांवर आहे.

प्रश्न : नव्या गाड्या महाग झाल्या म्हणून जुनी सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५० एक्सटी पाहतो आहे. घ्यावी का, आणि काय तपासावे?
— एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : किमतीचे तुमचे म्हणणे बरोबर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या दुचाकींवरील जीएसटी ४० टक्के झाला, तर त्याखालील दुचाकींवर तो १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे मोठ्या जुन्या गाड्यांकडे लोक वळणे साहजिक आहे.

ही गाडी लांबच्या प्रवासासाठी उत्तम आहे. ६४५ सीसीचे दोन सिलिंडरचे व्ही-ट्विन इंजिन, २० लिटरची टाकी, आणि तारांच्या चाकांवरही ट्यूबलेस टायर, ज्यामुळे पंक्चर झाल्यावर चाक न काढता रस्त्याच्या कडेला छिद्रात रबरी दोरी भरून पुढे निघता येते. वजन मात्र २१६ किलो आणि बैठक ८३५ मिलिमीटर. तेव्हा पहिल्या उत्तरात लिहिलेले सर्व येथे अधिकच लागू होते. ती आता येथे नवी मिळत नाही, म्हणून सौदा करण्यापूर्वी एखाद्या सर्व्हिस सेंटरला जाऊन रेडिएटर, ब्रेक पॅड आणि पुढचा मडगार्ड यांची किंमत व ते यायला लागणारा वेळ विचारून या. त्या उत्तरावरच घ्यावी की नाही, ते ठरवा.

पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी या. चासी क्रमांक आरसीशी ताडून पाहा, आणि आरसीवर कर्जाची नोंद असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र हाती आल्याशिवाय पैसे देऊ नका. कोणाच्या तरी मदतीने पुढचे चाक अधांतरी करा आणि हँडल दोन बोटांनी सावकाश फिरवा. मधोमध ते किंचित अडकल्यासारखे झाले तर हँडलच्या बेअरिंगला खाच पडली आहे. चेन ज्यावरून फिरते त्या मागच्या दातेरी चक्राच्या टोकाशी चेन मागे ओढा. दात उघडे दिसू लागले तर चेन आणि दोन्ही चक्रे बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. टायरच्या बाजूवर चार आकडी संख्या असते, त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर ओल्या घाटात भरवशाचा नाही. इंजिनाच्या व्हॉल्व्हचे अंतर (क्लिअरन्स) २४,००० किलोमीटरला तपासायचे असते. ते काम झाल्याचे बिल मागा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

आपल्याकडच्या पावसासाठी आणखी एक तपासणी सांगतो. पुढच्या सिलिंडरचा स्पार्क प्लग रेडिएटरच्या मागे, पुढच्या चाकाच्या माऱ्यात येतो. प्लगच्या खळग्यातील पाणी बाहेर जाण्यासाठी तेथे एक लहान भोक असते. ते चिखलाने बुजले तर पाणी साचते आणि पावसात गाडी अचानक एकाच सिलिंडरवर धडधडू लागते. मेकॅनिकला ते भोक दाखवायला सांगा, तारेने मोकळे करून घ्या आणि पुढे दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस हे काम स्वतः करत जा.